पिवळ्या गोळीचा अर्धा वाटा

मी तापट आहे, आणि मला सगळं कळतं असं मला वाटतं. हे दोन्ही आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कोणी माझी बाजू घ्यायला जाणार नाही. डॉक्टरांनी थांबा म्हटलेलं असताना मी माझ्या धाकट्या बहिणीला माझ्या हातानं माझं औषध दिलं. मला ते मानवलं होतं, तिला मानवलं नाही. 'मानवलं नाही' हेसुद्धा मी स्वतःला सांभाळून घेतच लिहिते आहे. ती मरता मरता वाचली.

आणि मी कोण? मी विज्ञानाची बाई. बुलढाण्यात राहते, जवळच्या एका गावच्या शाळेत शिकवते. दहावीला आनुवंशिकतेचा धडा असतो. फळ्यावर चार चौकोन आखायचे, वर बापाची अक्षरं, बाजूला आईची. "आईकडून एक येतं, बापाकडून एक येतं. कोणाच्या वाट्याला काय येईल ते आपल्या हातात नसतं, म्हणून तर सख्खी भावंडंही सारखी निघत नाहीत." हे वाक्य मी इतक्या वर्षांत इतक्या वेळा म्हटलं आहे की मागच्या बाकावरची पोरं माझ्या आधीच म्हणून मोकळी होतात. मग मी खडू फेकून मारते आणि वर्ग हसतो.

आम्ही दोघीच बहिणी. माय शेतात कामाला जायची आणि संध्याकाळी ओटीत काहीतरी घेऊन यायची. बोरं, भुईमुगाच्या शेंगा, हंगामात एखादं सीताफळ. मायचा नियम होता की एकीनं वाटे करायचे आणि दुसरीनं आधी उचलायचं. मी मोठी, म्हणून वाटे नेहमी माझ्याकडे. सीताफळ फोडताना माझा जीव नुसता टांगणीला लागायचा, कारण जरा जरी कमीजास्त झालं तर मोठा वाटा धाकटी उचलणार हे नक्की. "उचल," मी म्हणायची. ती दोन्हीकडे नीट न्याहाळून, ओठ मुडपून, मला छळून छळून मग उचलायची. पण एकदा उचललं की तक्रार करायची नाही. "उचललं तू, आता रडू नको," हे मायचं ठरलेलं वाक्य होतं.

एकाच गोष्टीचे वाटे झाले नाहीत, आणि ती म्हणजे केस. धाकटीची वेणी कमरेच्या खाली जायची, मनगटाएवढी जाड. माझी वेणी म्हणजे उंदराचं शेपूट. बाजारात बाया तिला थांबवून विचारायच्या, कोणतं तेल लावते वं पोरी? मी बाजूला पिशवी धरून उभी. त्या केसांवरून मी लहानपणी किती भांडले असेन याचा हिशोब नाही, आणि ही गोष्ट मी इथे उगाच सांगत नाही.

माझा आजार पाच वर्षांपूर्वी निघाला. आधी बोटं सुजली, मग गालांवर दोन्हीकडून लाल चट्टा आला. शाळेतल्या पोरींना वाटलं बाई पावडर-लाली लावायला लागल्या. गावातल्या डॉक्टरांनी उष्णता म्हटलं, बुलढाण्याच्यांनी संधिवात म्हटलं, आणि शेवटी अकोल्याच्या डॉक्टरांनी त्याला ल्युपस म्हटलं. शरीराची राखण करणाऱ्या पेशी घरच्याच माणसांना चोर समजून झोडपायला लागतात, असं त्यांनी समजावलं. मग सुरू झाली ती पिवळी गोळी. तिचं खरं नाव लांबलचक आहे, आमच्या घरात पिवळीच म्हणतात. सुरुवातीला वरचेवर रक्त तपासून घेतलं, सगळं ठीक. तीन-चार महिन्यांत मी पुन्हा खडू धरायला लागले. ज्या दिवशी फळ्याच्या वरच्या टोकापर्यंत हात गेला त्या दिवशी मी वर्गात पोरांसमोर रडले. त्या गोळीवर माझी श्रद्धा बसली म्हटलं तरी चालेल, आणि विज्ञानाच्या बाईनं हा शब्द वापरू नये हेही मला कळतं.

मागच्या वर्षी धाकटीला तेच झालं. ती धामणगाव बढ्याला असते. नवरा शेती बघतो, ही घरी शिलाई करते. आसपासच्या चार गावांतले ब्लाउज तिच्याकडे येतात. एक दिवस तिचा फोन आला, "ताई, सुई पकडताच येऊन नाई राह्यली वं." मी फोनवरच ओळखलं. दुसऱ्या शनिवारी मी तिला मलकापूरहून रेल्वेत बसवून अकोल्याला नेलं, माझ्याच डॉक्टरांकडे.

डॉक्टर वयानं माझ्याहून बरेच लहान, बोलणं शांत. त्यांनी तिला तपासलं, सूज उतरायचं औषध दिलं, आणखी एक छोटी गोळी दिली आणि हातातून रक्त काढायला सांगितलं.

"हे कशाचं?" मी विचारलं.

"जनुकाची तपासणी आहे. पिवळी गोळी द्यायची तर आधी ही पाहावी लागेल. ती गोळी पचवून निकामी करायला शरीराला एक घटक लागतो. काहींच्यात तो जन्मतःच कमी असतो, काहींच्यात जवळजवळ नसतोच. अशांना साधा डोससुद्धा हाडाच्या मज्जेवर जातो आणि पांढऱ्या पेशी बनेनाशा होतात. नमुना बाहेरगावी जातो, महिनाभर लागेल. तोवर ही गोळी नको."

"पण सर, मी चार वर्षं खाते आहे. मला काही झालं नाही. आणि ही माझी सख्खी बहीण आहे."

"मॅडम, आजाराचं नाव एक असलं म्हणून पेशंट एक होत नाहीत. सख्ख्या बहिणी आहात, जुळ्या नाही आहात."

आता बघा, हे वाक्य म्हणजे माझंच वाक्य. फळ्यावरचं. पण ते दुसऱ्यानं मला ऐकवलं, तेही तिच्यादेखत, म्हणून मला झोंबलं. परतीच्या गाडीत मी मलकापूर येईपर्यंत पुटपुटत होते. मला शिकवतो! काल जन्मलेलं पोरगं! नुसत्या टेस्टाच लिहीत राहतात हे लोक. धाकटी खिडकीला डोकं टेकवून माझं ऐकत होती, मधेच म्हणाली, "तू डॉक्टर व्हाले पायजे होती ताई." चिडवत होती की खरंच म्हणत होती, मला आजही सांगता येत नाही.

दहा-बारा दिवस गेले. सूज उतरायचं औषध तिला अर्धवटच लागू पडलं. लग्नसराई तोंडावर होती, कपड्यांचे गठ्ठे पडून होते, आणि तिला सकाळी उठून परकराची नाडीसुद्धा बांधता येत नव्हती. फोनवर ती रडली. ती सहसा रडत नाही. मला काही सुचेना, आणि मला काही सुचलं नाही की मी हमखास काहीतरी करून बसते. रविवारी मी पर्समध्ये माझ्या गोळ्यांचे तीन पत्ते टाकले आणि मोताळ्यावरून जाणाऱ्या एसटीत बसले.

तिच्या घरी जेवण झालं. वांग्याचं भरीत आणि भाकर, भाकरी शेजारणीनं थापून दिलेल्या. जावई शेतात गेलेले. मी पत्ते काढून तिच्या मशीनवर ठेवले. एक तुझा, एक माझा, आणि तिसऱ्याचे दोन भाग.

"डॉक्टर तं नाई म्हनले ना?" ती म्हणाली.

"डॉक्टरले काय मालूम? आपण एका मायच्या पोटच्या. एकच आजार, एकच रक्त. मले चालते तं तुले काऊन नाई चालनार?"

शाळेत मी असं बोलत नाही. माहेरच्या बोलीत मी बोलायला लागले की माझं चुकलेलंही मला खरं वाटतं. मी कात्री मागितली. आता शिंपीकाम करणाऱ्या बाईची कापडाची कात्री म्हणजे काय हे ज्यांच्या घरात शिलाई आहे त्यांना सांगायला नको. तिला कागद लावायचा नाही, दोरीसुद्धा कापायची नाही, धार जाते. तिच्या पोरींनी एकदा त्या कात्रीनं वहीचं कव्हर कापलं तर तिनं दोघींना दिवसभर अबोला धरून रडवलं होतं. त्या दिवशी तिनं तीच कात्री माझ्यापुढं सरकवली. "घे, तुह्यासाठी चालते." मी तो चकचकीत पत्ता मधोमध कापला, पाच इकडे, पाच तिकडे. आणि सवयीनं तोंडातून गेलं, "उचल."

ती हसली. लहानपणीसारखे ओठ मुडपून दोन्ही तुकडे तिनं निरखले, एक खाली ठेवला, दुसरा घेतला, तो ठेवून परत पहिला घेतला. आम्ही दोघी पोट धरून हसलो. पहिली गोळी तिनं माझ्यासमोर घेतली. पाण्याचा तांब्या मी धरला होता, कारण तिच्यानं तो उचलला जात नव्हता.

पंधरा दिवसांनी फोन आला. आवाज बारीक. "ताई, केस लय गळून राह्यले वं. फणी फिरवली का हातात मुठभर येते."

इथे मला थांबावं लागतं. ते ऐकल्यावर माझ्या मनात सगळ्यात आधी काय आलं ते मी कोणालाच सांगितलेलं नाही. मला बरं वाटलं. एक क्षणभर, अगदी क्षणभर, आत कुठेतरी असं वाटलं की चला, आता दोघी सारख्या. लगेच मला माझी लाज वाटली आणि त्या लाजेपोटी मी जास्तच ठासून बोलले. या आजारात केस जातातच, माझेही गेले होते, घाबरायचं काय त्यात, गोळी बंद करू नको, आता तर कुठे लागू पडायची वेळ आली. खरं म्हणजे माझे केस आजारात चार-सहा महिने थोडे थोडे गळले होते. मुठीनं कधीच नाही. मी विचारायला हवं होतं, किती गळतात, कधीपासून, तोंड आलं का, ताप आहे का. वर्गात एखादं पोर पेंगलं तरी मी त्याला दहा प्रश्न विचारते. तिला मी एकही विचारला नाही.

उलट दुसऱ्या दिवशी मी आणखी पंधरा गोळ्यांची पुडी केली, वर तिचं नाव-गाव लिहिलं आणि स्टँडवर जाऊन धामणगावच्या गाडीच्या कंडक्टरजवळ दिली. आमच्याकडे डबे, औषधं, कागदपत्रं अशीच जातात. मी घरच्या कात्रीनं पत्ता कापला होता, आणि त्या खेपेला समोर उचलायला कोणी नव्हतं.

आठव्या दिवशी जावयांचा फोन आला. ताप उतरत नाही, तोंडात फोड, पाणीसुद्धा गिळता येत नाही. आम्ही तिला अकोल्याला नेलं. गाडीत तिनं डोक्यावरून घट्ट पदर घेतला होता. दवाखान्यात नर्सनं तो काढला तेव्हा मी पाहिलं. अरे बाप्पा! डोकं जवळजवळ मोकळं झालं होतं. मागे मानेवर थोडे केस चिकटून राहिले होते. त्या केसांचा मी हेवा केला होता.

रक्ताचा रिपोर्ट तासाभरात आला. पांढऱ्या पेशी जवळपास संपल्या होत्या. तिला वेगळ्या खोलीत ठेवलं, आत जाताना हात धुवायचे, तोंडाला मास्क लावायचा. डॉक्टरांनी माझ्यासमोर तिला विचारलं, "मी दिलेल्याशिवाय दुसरं काही औषध घेतलं का? गावठी, आयुर्वेदिक, कोणाची गोळी?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग डॉक्टरांकडे पाहून मान हलवली. नाही.

मी तिच्या पायांवरचं पांघरूण सारखं करत राहिले.

ते मला म्हणाले, "तुम्हाला काही माहिती आहे, मॅडम?" आणि मी, बावीस वर्षं पोरांना खरं बोलायला शिकवणारी मास्तरीण, म्हटलं, "नाही."

का म्हटलं ते मी खूपदा स्वतःला विचारलं आहे. जावई दारात उभे होते. त्या डॉक्टरांसमोर तोंड उघडायची लाज होती. आणि एक मूर्ख आशा होती की ते शोधतील, दुसरंच काही निघेल, माझ्यावर येणारच नाही. डॉक्टर म्हणाले, मग कारण शोधावं लागेल, कमरेच्या हाडातून सुईनं मज्जा काढून बघू. बहिणीला त्यांनी कुशीवर वळवलं. मला बाहेर जायला सांगितलं. दाराला काच होती, तिला पडदा होता, पण आवाजाला पडदा नसतो. तिचं तोंड फोडांनी भरलेलं, तिला धड ओरडताही येत नव्हतं. तिच्या घशातून जो आवाज आला तो मी आयुष्यात कधी ऐकला नव्हता. माझ्या एका शब्दानं ती सुई टळली असती. मी बाकावर बसून राहिले. सुई टोचून झाली, नर्स ट्रे घेऊन बाहेर आली, आणि मग, मग मला वाचा फुटली. मी डॉक्टरांच्या मागे धावले आणि व्हरांड्यातच सगळं सांगितलं. कधीपासून, किती, दुसरी पुडी कशी पाठवली तेही.

ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. "आधी सांगितलं असतं तर," एवढं म्हणून त्यांनी वाक्य सोडून दिलं आणि ते आत गेले. जावयांनी ऐकलं होतं. मला वाटलं आता हा माणूस मला चार लोकांत शिव्या घालणार, आणि घालाव्यातही. ते जिना उतरून गेले आणि थोड्या वेळानं वर आले ते माझ्यासाठी चहा घेऊन.

गोळी बंद झाली, पेशी वाढायची इंजेक्शनं सुरू झाली. आठ-दहा दिवस काहीच सांगता येत नव्हतं. रोज सकाळी रक्त घ्यायचे आणि मी त्या आकड्यासाठी देवाधर्माचं काही न मानताही हात जोडून बसायची. त्याच आठवड्यात बाहेरगावी गेलेल्या नमुन्याचा रिपोर्ट आला. डॉक्टरांनी मला बोलावून कागद दाखवला. तिच्यात तो घटक बनवणारं जनुक दोन्हीकडून बिघडलेलं होतं, मायकडूनही आणि बाबांकडूनही. मायबापांकडे एकेक असलं तर त्यांना काही कळतही नाही, ते म्हणाले. पुढं ते समजावणार होते, पण मीच म्हटलं, "माहीत आहे सर. चार चौकोन."

बाहेर येऊन मी एसटीच्या तिकिटाच्या मागे ते चौकोन काढले. माय बोराचेसुद्धा सारखे वाटे करायला लावायची. तिच्या हातून फक्त हा एक वाटा असा झाला की धाकटीला दोन्ही आले आणि मी त्यातून सुटले. मायला हे कळलं असतं तर तिनं मला काय केलं असतं, हा विचार करत मी बराच वेळ बाकावर बसले होते.

अकराव्या दिवशी आकडा वर सरकला. मग रोज थोडा थोडा. महिन्यानं ती घरी गेली. आता तिला दुसरं औषध आहे, ते हळूहळू लागू पडतंय. डोक्यावर बोटभर केस आले आहेत, मऊ, लहान बाळाच्या जावळासारखे. मशीनवर तासभर बसते.

मी दर रविवारी जाते. मागच्या महिन्यात घरात आम्ही दोघीच होतो तेव्हा मी तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, मले माफ कर. आणि विचारलं, डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तू नाही काऊन म्हटलं?

"तू तिथं उभी होती ना," ती म्हणाली. "त्या डॉक्टरापुढं तुही काय इज्जत राह्यली असती?"

मला रडू आवरेना. ती वैतागली. "चूप बस वं. तू कापल्या, मी उचलल्या. उचललं तिनं रडाचं नाई, मायनं काय शिकवलं? आन तू रडून राह्यली."

दोन्ही वाटे तिच्यासाठी सारखेच विषाचे होते, उचलून काय फरक पडणार होता? आणि दुसऱ्या पुडीच्या वेळी तर मी तिला उचलूसुद्धा दिलं नव्हतं. पण ती उठून कपाटाकडे गेली होती. कापडाची कात्री काढली, माझ्यासमोर धरली. पात्याच्या मधोमध जिथं मी पत्ता कापला होता तिथं धार गेली होती. "हे पाह्य काय केलं तू," ती म्हणाली, आणि हसली. पूर्ण आजारपणात तिनं माझ्याविरुद्ध केलेली एवढीच तक्रार.

निघताना तिनं माझ्या हातात एक कागदाची पुडी दिली. उरलेल्या सात गोळ्या. "तुह्या कामाच्या हायत. फेकू नको."

मी एसटीत बसले तेव्हा पुडी खिडकीतून भिरकावून द्यावी असं मनात आलं. नाही भिरकावली. घरी आणून डब्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहानंतर, रोजच्या वेळेला, त्यातली एक काढून मी पाण्याबरोबर गिळली आणि शाळेत गेले. मला काहीच झालं नाही.